एका हाताने घालायचा ब्लाउज

ट्रायल रूमचा पडदा मी बाजूला केला आणि किंचाळले.

आत एक माणूस होता. निदान कमरेखाली तरी माणूसच होता – ट्रामवाल्यांची निळी पँट, धुळीने माखलेले बूट. कमरेच्या वर मात्र आमच्या दुकानाच्या काचेतल्या पुतळ्याचा फुलाफुलांचा ब्लाउज होता. डोकं गळ्यात अडकलेलं, डावा हात बाहीतून थेट छताकडे, आणि उजवा हात... उजवा हात मफलरने कमरेला करकचून बांधलेला!

"किंचाळू नका हो," ब्लाउजच्या आतून आवाज आला. "मलाही भीती वाटतेय."

"कोण आहात तुम्ही? पोलिसांना बोलावू?"

"बोलवा. पण आधी मागचं एखादं बटण काढा. श्वास घेता येत नाहीये."

गल्ल्यावरून इर्मिना मावशी ओरडली, "बोग्ने, गिऱ्हाईक आहे की चोर?"

"अजून कळलं नाही, मावशी!"

मी बटण काढलं. ब्लाउज वर ओढला. टर्रकन आवाज झाला, मुंढ्याची शिवण उसवली, आणि आतून एक लालबुंद चेहरा बाहेर आला. केस उभे, डोळे करडे... आणि त्या डोळ्यांत एवढी लाज, की मला रागवायचं होतं ते राहूनच गेलं.

"उसवला का? मी भरून देतो," तो म्हणाला. "मला फक्त बघायचं होतं, एका हाताने घालता येतो का."

"आणि?"

"नाही येत." तो मफलर सोडवायला लागला. गाठही त्याने एका हाताने मारलेली, ती काही सुटेना. शेवटी मीच सोडवली. त्याच्या मनगटावर लाल वळ उठले होते. "एका बाईसाठी हवाय. तिचा उजवा हात चालत नाही. आठ महिने झाले. घरात माझं झिपचं जाकीट घालून बसते. ती झिपसुद्धा मीच लावायची! म्हणून ती दाराबाहेर पाऊल टाकत नाही. म्हणते, असल्या अवतारात लोकांपुढे जाण्यापेक्षा आत बसलेली बरी."

"कोण बाई?"

"ते सांगायचं नाही, अशी तिची ताकीद आहे. कुणालाच."

एका बाईसाठी. मी त्याच्या बोटांकडे पाहिलं. अंगठी नव्हती. पण ट्रामवाले कामावर अंगठी काढून ठेवत असतील, कोण जाणे... आणि मला काय करायचं होतं?

त्याचं नाव येरेमी. त्या दिवशी त्याने माझं न ऐकता पांढरं पॉपलिन नेलं. "स्वच्छ दिसतं," म्हणाला. घरी सुईदोऱ्याने काहीतरी जोडून पाहिलं असावं, कारण तिसऱ्या दिवशी तेच कापड चुरगाळून परत घेऊन आला.

"बाहीत हात शिरतच नाही. लुळा हात जड असतो. कापडाला अडकतो, मध्येच थांबतो. मग ती चिडते. मग मी चिडतो."

"पॉपलिन कडक असतं. मी सांगितलं होतं."

"मग मऊ काय? ते तिथलं चमकणारं?"

"सॅटिन? एका हाताच्या चिमटीत सॅटिन राहणार आहे का? सुळकन निसटेल. विचार करून सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर वर करत होते. समोरच्या थांब्यावर ट्राम येऊन उभी राहिली. पुढची खिडकी सरकली आणि त्यातून करडे डोळे बाहेर आले.

"अहो बोग्ना! केला का विचार? लिनन की व्हिस्कोस?"

मी गार पडले. अख्खी ट्राम माझ्याकडे बघत होती.

"लिनन घे रे," पहिल्या बाकावरची म्हातारी म्हणाली. "व्हिस्कोस दोन धुण्यांत बोळा होतं."

"लिननला रोज इस्त्री कोण करणार, आजी? तुम्ही?" मागून एक बाई.

"दोन्ही!" मी ओरडले. माझे कान तापले होते. "दोन्हींचं मिश्र कापड मिळतं! लिनन असतं म्हणून हातात राहतं, व्हिस्कोस असतं म्हणून अंगावरून सरकतं. आणि आधी भिजवून वाळवायचं, नाहीतर आटेल! आता जा!"

सिग्नल मिळाला. ट्राम हलली. म्हातारीने मला हात केला.

"काय ग बाई," मावशी माझ्या मागे येऊन उभी होती, "एवढ्या मोठ्यांदा तू या दुकानात दहा वर्षांत कधी बोलली नाहीस."

मग तो संध्याकाळी यायला लागला. दुकान पाचला बंद व्हायचं, मावशी हिशेब करत बसायची, आणि कापड मोजायच्या लांब टेबलावर आम्ही दोघं. आमच्या वूच या कापडगिरण्यांच्या शहरात निम्म्या घरांत शिवणमशीन असतं आणि उरलेल्या निम्म्या घरांत ते माळ्यावर असतं. त्याच्या घरातल्या मशीनला मात्र हात लावायची परवानगी नव्हती. तेही त्या बाईचंच.

"आधी कागदावर साधा नमुना कापू," मी सांगायचे. "बाही वेगळी जोडायचीच नाही. अंगासकट एकच तुकडा कापायचा, म्हणजे मुंढ्याची कटकट नाही. गळा दोन बोटं मोठा. पुढून पूर्ण उघडा. डोक्यातून काही घालायचं नाही, कळलं?"

"कळलं. डोक्यातून घातलं की काय होतं ते मला माहीत आहे."

"आणि बटणं?"

"बटणं हवीतच. तिला बटणंच हवीत. वेल्क्रोच्या चिकटपट्टीचा आवाज ऐकला तरी तोंड फिरवते."

मग मला सुचलं. वरून शिंपल्याची खरी बटणं शिवायची, शोभेला. खाली पट्टीच्या आत चुंबकं. कापडावर कापड आलं की टिक... आपोआप मिटणार. बघणाऱ्याला पत्ताही नाही. उजव्या बाहीला आतून गुळगुळीत अस्तर, म्हणजे तो जड हात घसरत खाली उतरेल. मनगटाला रीतसर कफ आणि एकेक बटण.

तो ऐकत राहिला. कापडाकडे बघत नव्हता.

"काय?" मी म्हटलं.

"काही नाही. तुम्ही ‘टिक’ म्हणालात तेव्हा तुमचा चेहरा..."

"माझ्या चेहऱ्याला काय झालं?"

"मशीन इकडे आहे हो, येरेमीराव!" मावशी वहीतून मान वर न करता म्हणाली.

तो वाईट शिकत नव्हता. टीप वाकडी जायची, पण न कंटाळता उसवायचा. बोटाला सुई टोचली की "बोग्ना, मी मरतोय," म्हणून हात पुढे करायचा आणि मी त्या बोटावर चिंधी गुंडाळायचे... जरा जास्तच वेळ. तो गेला की टेबलावरचे दोरे गोळा करताना मला वाटायचं, अशा माणसाने ज्या बाईसाठी एवढं करावं, ती बाई कशी असेल? देखणी असणार. माझा मत्सर तरी केवढा – एका आजारी बाईचा! माझी मलाच शरम वाटायची.

आणि मग काखेतली कळी आली.

एकसंध बाहीचा ब्लाउज हात वर उचलला की काखेत ताणतो. तिथे कळी, म्हणजे उरेब, तिरका कापलेला चौकोनी तुकडा बसवावा लागतो. कोपऱ्यात कात्रीचं टोक एका धाग्याने पुढे गेलं की सगळं कापड वाया. येरेमीने कात्री उचलली, ठेवली. पुन्हा उचलली.

"तुम्ही कापा ना," तो म्हणाला. "तीन आठवडे झाले. तुम्ही सगळं सांगता, पण कात्रीला हात लावत नाही, मशीनवर बसत नाही. का?"

मी कापड सपाट केलं. कात्री घेतली. श्वास रोखला आणि कापलं. चारही कोपरे, अगदी धाग्यावर.

"अरे देवा," तो पुटपुटला. "हे येतं तुम्हाला!"

"येत होतं." मी कात्री खाली ठेवली. "शिवणशाळेत होते मी. शेवटचं वर्ष. परीक्षेचा ब्लाउज मी चार रात्री जागून शिवला. बाईंनी तो उचलला, सगळ्या वर्गासमोर कॉलर टराटरा उसवली आणि म्हणाल्या, ‘या हातांनी कापड विकावं, शिवू नये.’ मुली हसल्या. मी दप्तर उचललं ते परत गेलेच नाही. मावशीच्या दुकानात आले. कापड विकायला."

"कोण बाई?" त्याचा आवाज बदललेला होता.

"झाविल्स्का बाई. अख्खी शाळा त्यांना चळचळा कापायची."

येरेमीचा चेहरा पांढराफटक पडला. पुतळा परवडला, असा. त्याने जाकीट उचललं, "मला... उशीर झाला," एवढंच म्हणाला, आणि गेला. कापलेलं कापड, अस्तर, चुंबकं, सगळं पिशवीत तसंच टेबलावर.

मी पाहतच राहिले. मी काय चुकीचं बोलले?

एक दिवस गेला. दोन गेले. समोरून ट्रामा गेल्या, चालवणारे दुसरेच. तिसऱ्या दिवशी मावशीने पिशवी माझ्या हातात कोंबली. "नमुन्याच्या कागदावर पत्ता लिहिलाय त्याने. पिशवी देऊन ये. आणि बायको असेल तर तीही बघून ये, म्हणजे तुझं हे उसासे टाकणं तरी थांबेल!"

जुन्या गिरणीजवळची चाळीसारखी लांबलचक इमारत. तिसरा मजला. मी बेल दाबली आणि मग पाटी वाचली.

झाविल्स्का.

माझं बोट बेलवरच राहिलं. पळायला हवं होतं. पाय जिन्याकडे वळलेही होते. पण आतून काठीचा आवाज जवळ आला, कडी निघाली आणि दार उघडलं.

बाई!

तेच ताठ नाक. तेच डोळे, टाके मोजणारे. बाकी मात्र काहीच ते नव्हतं. ट्रामवाल्याचं ढगळ जाकीट, झिप अर्धी उघडी, उजवा हात पोत्यासारखा लोंबणारा. ज्यांच्या परीटघडीच्या ब्लाउजला वर्षभरात एक सुरकुती आम्ही कधी पाहिली नव्हती, त्या बाई. मला रडू येईल असं वाटलं, आणि असं वाटल्याचाच धक्का बसला.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओठ हलले. शब्द लगेच येत नव्हते त्यांना. एकेक शब्द जणू खोल पेटीतून शोधून काढावा लागत होता.

"काजं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तू... काजं. वर्गात... सगळ्यांत... सुंदर." त्यांनी डाव्या हाताने हवेत एक बारीक काज काढून दाखवलं. "कुठे... गेलीस?"

मी दाराला धरून उभी राहिले. "कुठे गेले? बाई, तुम्ही माझी कॉलर उसवलीत! सगळ्यांसमोर! म्हणालात, या हातांनी कापड विकावं!"

त्यांच्या कपाळावर आठी पडली. खूप वेळ त्या शोधत राहिल्या. मग मान हलवली.

"आठवत... नाही."

आठवत नाही! दहा वर्षं मी ते वाक्य उराशी घेऊन झोपत होते, आणि ते बोलणाऱ्या बाईला ते आठवतही नव्हतं. त्यांना माझी काजं आठवत होती.

जिन्यात पावलं वाजली. येरेमी वर आला, हातात पावाची पिशवी. मला पाहिलं आणि जागीच थबकला.

"ही तुमची आई?" मी म्हटलं.

"हो."

"आणि त्या संध्याकाळपासून तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्ही नाव घेतलंत तेव्हाच कळलं." तो पायरीवरच बसला. "काय सांगणार होतो मी? ज्या बाईने तुमचे हात बंद केले, तिच्याचसाठी तुम्ही कळी कापताय, हे? सांगितलं असतं तर तुम्ही मला परत दुकानात घेतलं नसतं. नाही सांगितलं तर मी लबाड. तीन दिवस हाच विचार करतोय. कामावर रजा टाकली."

"लबाडच आहात!"

"आहे."

मी पिशवी त्याच्या मांडीवर आपटणार होते. का कोण जाणे, आपटली नाही. तशीच घट्ट धरली आणि जिने उतरले.

रविवारी दुकान बंद होतं. मी मशीनवरचं झाकण काढलं. तेल घातलं, बॉबिन भरली आणि शिवायला बसले. रागाने शिवत होते मी. आठवत नाही काय? बघा आता! टीप सरळ जात होती... इतकी सरळ, की दुपारपर्यंत राग कुठे गळून गेला ते कळलंही नाही, फक्त टीप राहिली. मावशी चर्चमधून परतताना डोकावली, दारात थांबली. तिने नाक पुसलेलं मी पाहिलं.

सोमवारी मी पुन्हा ती बेल दाबली. येरेमीने दार उघडलं. दार धरूनच तो बाजूला सरकला.

"तुमच्यासाठी नाही आलेय," मी म्हटलं आणि सरळ आत गेले.

बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. मी ब्लाउज त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो उलटा केला, आधी आतली बाजू पाहिली. अर्थातच. डाव्या हाताची बोटं शिवणीवरून फिरली, काखेतल्या कळीपाशी थांबली, अस्तरावर घसरली. चुंबक मिटवून पाहिलं. टिक. मग कफांपर्यंत आल्या आणि थबकल्या.

"उसव," त्या म्हणाल्या.

पुन्हा? याच शब्दासाठी मी आले होते?

"आई!" येरेमी ओरडला. "तिने अख्खा रविवार..."

"उसव," बाईंनी डाव्या कफाचं बटण नखाने टोकरलं. मग डावं मनगट माझ्यासमोर धरलं, आणि लुळ्या उजव्या हाताकडे मान केली. "कोण... लावणार?"

मी आधी मनगटाकडे पाहिलं, मग बटणाकडे. आणि माझं तोंड उघडंच राहिलं. तीन आठवडे आम्ही दोघांनी लुळ्या हाताचा विचार केला होता. अस्तर काय, कळी काय! पण चालत्या हाताच्या मनगटावरचं बटण लावायला दुसरा हात लागतो, आणि तो त्यांना नव्हताच. इतकी साधी गोष्ट!

"बाई, बरोबर," मी म्हटलं. "चुकलं माझं."

मी स्वतः तो कफ उसवला. त्यांच्याच मशीनवर, त्यांच्याच शिवणडब्यातली इलॅस्टिक घालून मनगट नुसतं सरकवता येईल असं केलं. बाई खांद्याशी उभ्या राहून बघत होत्या. एकदाच त्यांचं बोट पुढे आलं, कापड केसभर डावीकडे सरकवलं. मी पुढची टीप मारली.

मग त्या ब्लाउज घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. येरेमी मागोमाग निघाला तर काठी दारावर आपटली. "नको!"

आम्ही बोळात उभे राहिलो. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. तो दाराकडे झेपावला, मी मानेनेच नाही म्हटलं. बराच वेळ नुसते श्वास. मग... टिक.

"एक," तो कुजबुजला.

बोळ अरुंद होता. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. त्याला साबणाचा आणि ट्रामच्या लोखंडाचा वास येत होता. टिक.

"बोग्ना... मी लबाड आहे, मान्य. पण एक गोष्ट खोटी नव्हती." टिक. "कापड तर दुसऱ्याच आठवड्यात बेतून झालं होतं. टीप मुद्दाम वाकडी घालत होतो मी."

"काय?" मी थक्क होऊन त्याच्याकडे पाहिलं. "तीन आठवडे? मुद्दाम?"

"दहा वेळा तरी. पुन्हा उसवायला मिळावी म्हणून."

टिक. टिक. टिक. शेवटची टिक यायला फार वेळ लागला, किंवा मला तसं वाटलं.

दार उघडलं. बाई बाहेर आल्या. फिक्या निळ्या ब्लाउजमध्ये, मान ताठ, सातही बटणं मिटलेली. केसही त्यांनी विंचरले होते. आमच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. सरळ बोळातून गेल्या, खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि बाहेरचं दार उघडलं.

"आई, कुठे निघालीस?"

"खाली. बाकावर." त्या थांबल्या. शब्द शोधला. "हवा... खायला."

आणि काठी टेकत पहिली पायरी उतरल्या. दुसरी उतरल्या. आठ महिन्यांनी!

येरेमी त्यांच्यामागे धावणार, तोच मी त्याचा दंड धरला.

"जाऊ दे त्यांना. उतरतायत ना नीट? तू इथेच थांब."

तो थांबला. वळला. त्याच्या चेहऱ्यावर होतं तसं आश्चर्य मी आजवर कुणाच्याच चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं.

"तुम्ही मला ‘तू’ म्हणालात."

माझी जीभ चावली गेली. पण दंड सोडला नव्हता मी. सोडावासाही वाटत नव्हता. खालून काठीचा आवाज येत होता. एक मजला, मग अर्धा... मग अंगणातल्या बायकांचा गलका उठला: "अग बाई, झाविल्स्का! ब्लाउज कुणी शिवला ग?" आणि त्यात बाईंचा आवाज, सावकाश, पण अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असा:

"माझी... विद्यार्थिनी."

माझे डोळे भरून आले. येरेमी काहीतरी विचारत होता. बहुधा तेच, पुन्हा.

"हो, म्हणाले," मी म्हटलं. "आणि तूही म्हण. आता अहो-जाहो पुरे झालं."

"बोग्ना," तो म्हणाला. घसा खाकरला. "बोग्ना, तू..."

मग मीच जवळ सरकले, आणि पुढचं बोलायची गरज राहिली नाही.